अंदाज सांगणाऱ्या सरवदे बाई

सरवदे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या कपाळातून रक्त येत होतं, आणि त्या पावसाबद्दल बोलत होत्या.

सांगोल्यातल्या आमच्या संस्थेच्या कचेरीत माझा तो पहिला दिवस. संस्थेचं काम साधं होतं. हवामान खात्याचा पावसाळ्याचा अंदाज आला की तो गावोगाव नेऊन समजावायचा आणि त्यावरून काय पेरायचं, किती मेंढरं ठेवायची, गायरानाचा कुठला भाग राखायचा, हे गावकऱ्यांबरोबर बसून ठरवायचं. मी सोलापूरहून बॅग घेऊन पोचलो, तर दारात काचांचा खच. आत खुर्च्या उलट्यापालट्या, कॉम्प्युटर फुटून जमिनीवर, आणि खोलीभर चिलारवाडीचे धनगर हातात काठ्या घेऊन उभे. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. पदरानं कपाळ दाबून धरलेलं, पण आवाज खणखणीत.

"दहातली सहा म्हनले होते मी. दहा वर्सं असली आली तर सहा वर्सं पाऊस कमी. चार राहिली हुती का न्हाय? ती चार आली."

आदल्या उन्हाळ्यात कमी पावसाचा अंदाज होता. बाईंचं ऐकून चिलारवाडीनं निम्मी मेंढरं विकून टाकली होती. आणि मग सप्टेंबरात पाऊस असा कोसळला की गायरानावर कमरेएवढं गवत झालं, आणि ते खायला जनावर नव्हतं.

गर्दीतून एक माणूस पुढे आला. लाल पटका, पांढऱ्या मिशा. तो म्हसू, चिलारवाडीतला सगळ्यात मोठा मेंढपाळ. त्याच्या हातात काठी नव्हती. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्या त्या चारात आमची मेंढरं कुटं हायत?"

बाईंनी कपाळावरचा पदर काढून त्याच्याकडे बघितलं. 

"न्हाईत, म्हसू," त्या म्हणाल्या.

लोक निघून गेले. बाई खाली बसून काचा गोळा करू लागल्या. मी बॅग ठेवून पुढे झालो, तेव्हा वर न बघता म्हणाल्या, "नवीन का? केरसुणी आतल्या खोलीत हाय."

उंच, रुंद हाडाची बाई. वय पन्नाशीच्या आसपास. नेसायला सुती साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. जेवायला दोन्ही वेळा कडक भाकरी आणि शेंगाचटणी, तीही उभ्याउभ्या, खिडकीतून आभाळाकडे बघत. आवाज असा की दोन बांध पलीकडचा माणूस दचकावा. आणि राग! संतापल्या की हाताला येईल ते फेकत. पेन, डबा, चप्पल. एकदा बैठकीत त्यांनी पाण्याचा तांब्या भिंतीवर आपटला होता, कारण एका अधिकाऱ्यानं "यंदा पाऊस कमी पडणार" असं म्हटलं होतं.

"पडणार म्हणायचं न्हाई! पडायची शक्यता! शक्यता म्हणायला जीभ झडती का?"

या एका शब्दावर त्या कुणाशीही भांडत. त्यांच्या पिशवीत चिंचोके असत. काही तसेच, काही चुलीच्या काजळीनं काळे केलेले. काळा म्हणजे कमी पावसाचं वर्ष, तांबडा म्हणजे बऱ्या पावसाचं. त्या वर्षीच्या अंदाजाप्रमाणे काळे-तांबडे मोजून पिशवीत घालायच्या आणि पारावर बसलेल्या एकेकाला डोळे मिटून एक काढायला लावायच्या. "आता परत टाक. परत काढ. काय आलं? काळाच आला का दर वेळी? न्हाय ना? मग घरदार काळ्यावर लावायचं न्हाय, आन तांबड्यावर बी न्हाय." बाया हसत. पुरुष जरा बिचकत काढत. पण खेळ संपेपर्यंत अंदाज म्हणजे काय ते प्रत्येकाच्या बोटांना कळलेलं असे.

कचेरी फोडली त्याच्या पुढच्या आठवड्यात बाई स्कूटरवरून चिलारवाडीला गेल्या. मी पाठीमागे मोटारसायकलवर. मला वाटलं, माफी मागायला चालल्यात. पण पारावर उभं राहून त्या म्हणाल्या, "अंदाज चुकला न्हवता. माझा सल्ला चुकला. निम्मी मेंढरं विका असं म्हणायला नको हुतं. म्हातारी आन वांझ तेवढी विका, तरण्या मेंढ्या राखा, असं सांगायला पायजे हुतं. म्हणजे पाऊस आला तरी तुमी उभं, न्हाय आला तरी उभं. हे मला उशिरा कळलं."

कुणीतरी शेण फेकलं. ते त्यांच्या खांद्यावर बसलं. बाईंनी ते झटकलं आणि ज्यानं फेकलं त्याला म्हणाल्या, "नेम चांगला हाय. आता बस खाली." आणि दोन तास बोलत राहिल्या.

आणखी एक आठवतं, कारण त्यात सरवदे बाई पुरत्या दिसतात. बिरू, म्हसूचा धाकटा भाऊ, तिशीतला, तापट. त्याच्या मोबाइलवर कुणा महाराजाचा निरोप फिरत आला होता की अमक्या तिथीला पाऊस, पेरून घ्या. त्यावर विसंबून तो कोरड्या रानात बाजरी टाकायला निघाला होता. बाईंनी त्याच्या हातून मोबाइल घेतला, निरोप वाचला, आणि मोबाइल जनावरांच्या हौदात फेकून दिला. बिरू अंगावर धावून आला. त्यानं त्यांचा गळा धरला, त्यांनी त्याचे केस. मी आणि म्हसू मिळून दोघांना सोडवलं. धापा टाकत बाईंनी कमरेचा स्वतःचा मोबाइल काढला आणि त्याच्या हातात कोंबला. "तुझा वाळंस्तवर हा वापर." त्यानंतर कितीतरी दिवस सरवदे बाईंना फोन केला की बिरू उचलायचा आणि म्हणायचा, "बाई हितं न्हाईत. काय पावसाचं इचारायचं हाय का? थांबा, इचारून सांगतो."

त्या आपल्याबद्दल बोलत नसत. एकदाच बोलल्या. पण ते गायरानावरच्या मारामारीनंतर, म्हणून आधी ती सांगतो.

पुढच्या वर्षीचा अंदाज पुन्हा कमी पावसाचा आला. या वेळी चिलारवाडीनं बाईंचा नवीन सल्ला ऐकला. भाव पडायच्या आत म्हातारी मेंढरं विकली. मक्याऐवजी बाजरी आणि चाऱ्याचं कडवळ पेरलं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, गायरानाचा ओढ्याकडचा निम्मा भाग बाभळीच्या काट्या लावून बंद केला. तिथं एकाही जनावरानं तोंड घालायचं नाही, असं ठरलं. जे थोडं गवत वाढेल ते ऑगस्टसाठी.

जून आला तसा गेला. जुलैत नुसता वारा. माळावरची माती उडून डोळ्यात जायची, आभाळात ढग यायचे आणि पूर्वेकडे पळून जायचे. राखलेल्या भागात मात्र जूनच्या दोन सरींवर पवना गवत ढोपराएवढं उभं होतं. चार मैलांवरून दिसायचं. आणि ते शेजारच्या पांढरमळ्याच्या लोकांनाही दिसत होतं.

पांढरमळ्याचा आप्पा दांडगा माणूस. अंदाज सांगायला गेलो तेव्हा त्यानं आम्हाला दारातून हाकललं होतं. त्याच्या गावानं काही विकलं नव्हतं, काही राखलं नव्हतं. एका दुपारी तो आपल्या माणसांसह मेंढरं घेऊन आला आणि काट्या उपसून आत शिरला.

बिरूनं बाईंच्याच मोबाइलवरून मला फोन केला. आम्ही जीप घेऊन पोचलो तेव्हा गोफणीचे दगड सुटायला लागले होते. दगड येताना दिसत नाही, नुसता आवाज येतो. एक माणूस तोंड धरून खाली बसला होता आणि त्याच्या बोटांतून रक्त गळत होतं. कुत्री एकमेकांना फाडत होती. मेंढरं घाबरून चिलाराच्या काटेरी झुडपांत घुसली होती आणि ओरडत होती. बाई जीप थांबायच्या आत उतरल्या आणि सरळ मधे चालत गेल्या. "थांबा! ए थांबा रे!" एक दगड त्यांच्या खांद्यावर बसला. त्या अर्ध्या फिरल्या, पण पडल्या नाहीत.

आप्पानं विळा उपसला होता. समोर बिरू. त्याच्या हातात मेंढपाळांची ती लांब दांड्याची कुऱ्हाड, डहाळी तोडायची. बाई दोघांच्या मधे पोचायच्या आत ती खाली आली.

आप्पाचा हात मनगटाच्या वर चिरला गेला. हाड दिसलं. तो स्वतःच्या हाताकडे बघतच राहिला. मग ओरडला. त्या ओरडण्यानं सगळे थांबले. बिरूच्या हातून कुऱ्हाड गळून पडली.

बाईंनी पदर फाडला आणि त्याचा हात करकचून बांधायला घेतला. तो त्यांना शिव्या देत होता. त्यात जातीची शिवी होती. "मला हात लावू नको," असंही म्हणत होता. बाईंनी त्याच्या थोबाडीत मारली.

"शिव्या नंतर दे. हात वर धर. वर!"

त्यानं हात वर धरला. आम्ही त्याला जीपमध्ये घातलं. सांगोल्याच्या दवाखान्यापर्यंत त्याचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं.

परत येताना त्या पुढे बसल्या होत्या. साडी रक्तानं चिकट झालेली. पदराच्या फाटक्या टोकानं त्या नखांतलं रक्त खरवडत होत्या.

"मला लई भीती वाटती रे," त्या म्हणाल्या. "लोकांला वाटतं बाई वाघीण हाय. प्रत्येक वेळी पळून जावं वाटतंय."

"मग मधे कशाला शिरता?"

त्या म्हणाल्या, "आमचं घर गायरानात हुतं. पाच-सहा घरं आमची, बौद्धांची. एका दुष्काळात गाव म्हणालं, ह्यांच्यामुळं चारा कमी पडतो. पेटवून दिलं. मी पाच वर्षांची हुते. बाप मला खांद्यावर घिऊन सोलापूरला आला, तवापासून एमआयडीसीत मागावर. जन्मभर टॉवेल विणला त्यानं." त्यांनी काचेबाहेर बघितलं. "दुष्काळ नुसता पावसाचा नसतो. माणसं कुणाला तरी शोधायला लागतात. म्हणून आदी सांगायचं. पाऊस जायच्या आदी सांगितलं तर निदान बसून बोलता येतं."

त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी जबानी घेतली. चिलारवाडीला खात्री होती की बाई आपल्या बाजूच्या. बाईंनी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. पांढरमळ्यानं काट्या उपसल्या, पहिला दगड त्यांचा, आप्पानं विळा काढला, कुऱ्हाड बिरूनं मारली. आप्पाची जातीची शिवीसुद्धा त्यांनी जशीच्या तशी लिहायला लावली. बिरूला अटक झाली.

म्हसू कचेरीत आला. उन्हातून चालत आला होता, पाणीही नको म्हणाला. "बाई, माझा भाऊ तुमच्या कुरणासाठी लढला."

"कुरण माझं न्हाय, म्हसू."

"आमी तुमचं ऐकलं. गावात दुसरं कोन ऐकत न्हवतं तवा बी ऐकलं. त्याचं हे फळ व्हय?"

"मी बगितलं ते बगितलं. इचारलं तर सांगनार. तुझ्या भावानं एक वार केला, दुसरा केला न्हाय, ते बी सांगितलंय."

म्हसू उठला. दारात थांबून म्हणाला, "आता गावात येऊ नका."

त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या.

ऑगस्टमध्ये पांढरमळ्याची मेंढरं मरू लागली. ओढ्याच्या काठानं जाताना वास यायचा. चिलारवाडीची मेंढरं बारीक झाली होती पण चालती होती, कारण गवत होतं आणि तोंडं कमी होती. एका सकाळी आप्पा चिलारवाडीच्या पारावर आला. एकटा. हात गळ्यात अडकवलेला, तीन बोटं कायमची वाकडी झालेली. त्याला बघून माणसं काठ्या घेऊन गोळा झाली. बाई त्या दिवशी तिथंच होत्या, सप्टेंबरचा सुधारलेला अंदाज सांगायला.

आप्पा खाली बघून म्हणाला, "कोकरंवाल्या मेंढ्या तेवढ्या आत घ्या. बाकीच्या मरू द्या."

कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याच्या पाठीत काठी ढोसली. आणि बाई म्हणाल्या, "घ्या."

मग जो गलका झाला तो मी विसरणार नाही. बाया ओरडत होत्या, एक म्हातारी बाईंच्या अंगावर थुंकली. म्हसू उभा राहिला. "माझा भाऊ जेलात हाय. आन मी ह्याची मेंढरं चारू?"

"मेंढ्यांनी काट्या उपसल्या न्हाईत. सप्टेंबरचा अंदाज बरा हाय. दहात सहा वेळा पाऊस येईल असा. दोन्ही गावच्या कोकरंवाल्यांना म्हैनाभर पुरंल एवढं गवात हाय."

"आन चार आली तर? तुमची ती चार?"

"तर दोन्ही गावची मरतील."

म्हसूच्या हातातली काठी फिरली. मला वाटलं आप्पाच्या डोक्यात. पण ती बाईंच्या खांद्यावर बसली, दगड लागला होता त्याच खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाई गुडघ्यांवर पडल्या.  म्हसू स्वतःच थिजला होता.

बाईंचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्या उठल्या नाहीत. गुडघ्यांवरच राहून, दात आवळून म्हणाल्या, "झालं? आता मेंढरांचं बोला."

म्हसू खाली बसला. काठी त्यानं बाजूला ठेवली. मग त्यानं आप्पाला विचारलं, "किती हायत कोकरंवाल्या?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? बाईंनी सांगितलं, "म्हसूनं काठी मारली." पोलीस गावात गेले तेव्हा म्हसू घराबाहेर येऊन म्हणाला, "व्हय, मीच मारली." एवढंच बोलला आणि त्यांच्या गाडीत जाऊन बसला. दोन दिवसांनी सुटून आला आणि राखलेल्या गायरानाच्या तोंडाशी स्वतः उभा राहून दोन्ही गावची मेंढरं आत सोडू लागला.

पाऊस आला, पण उशिरा आणि अर्धवट. काही कोकरं मेली, इकडची आणि तिकडचीही. पण तरण्या मेंढ्या जगल्या. कुणी बाईंचे आभार मानले नाहीत. मानावेत असं त्यांनाही वाटलं नसावं. मी एकदा तसं म्हणालो, तर त्यांनी मोडक्या खांद्याचा हात झोळीत असूनही दुसऱ्या हातानं माझ्या अंगावर भाकरीचा तुकडा फेकला.

खटला उभा राहायला दोन उन्हाळे गेले. तोवर बिरू जामिनावर सुटला होता. दोन्ही गावांत पारावर बसून समेट झाला होता. आप्पा कोर्टात सांगणार होता की धुळीत कुणी मारलं ते दिसलं नाही. माझी जबानी पोलिसांनी घेतलीच नव्हती. राहिल्या एकट्या सरवदे बाई. आधी माणसं समजावायला आली. मग फोन येऊ लागले, नाव न सांगता. मग एका सकाळी त्यांची स्कूटर दारात जळून गेलेली सापडली. फक्त सांगाडा आणि काळी पडलेली फरशी. मी म्हणालो, "बाई, आता दोन्ही गावं एक झाली. तेच हवं होतं ना तुम्हाला?"

"व्हय. लई बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण मला खोटं बोलायला लावून न्हाय."

साक्षीला त्या एसटीनं आल्या. मीही गेलो होतो. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, जबानीत होतं तसं, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. वकिलानं विचारलं, "तुमच्यावर म्हसूनं हल्ला केला होता, म्हणून तुम्ही त्याच्या भावाला अडकवताय ना?" बाई म्हणाल्या, "काठी नंतर मारली. जबानी आदीची हाय." बिरू पिंजऱ्यात खाली मान घालून उभा होता. त्यानं वर बघितलं नाही.

बाहेर कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली दोन्ही गावची माणसं उभी होती. एका बाजूला चिलारवाडी, दुसऱ्या बाजूला पांढरमळा. बाईंना फाटकापर्यंत त्यांच्या मधून जायचं होतं. मी त्यांच्या बरोबर चालू लागलो, तर त्यांनी मला हातानं मागे सारलं.  कुणी वाट सोडली नाही, त्यांना अंग चोरून जावं लागत होतं. आप्पानं तोंड फिरवलं. एकजण त्यांच्या पायापाशी पचकन थुंकला. त्या चालत राहिल्या. त्यांचा डावा खांदा हाड नीट न जुळल्यामुळे जरा खाली आलेला होता, आणि त्या बाजूनं साडीचा पदर सारखा घसरत होता.

म्हसू फाटकाजवळ उभा होता. बाई त्याच्या समोरून पुढे गेल्या. तेव्हा तो त्यांच्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत म्हणाला, "औंदाचं काय?"

बाई थांबल्या.

"अजून पक्कं आलं न्हाय. म्हैनाअखेर येतंय. आलं की मी घिऊन येते."

"या म्हणलो न्हाय मी."

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "येते."

आणि पदर सावरत, रस्ता ओलांडून, त्या एसटी स्टँडकडे निघून गेल्या.